एक त कमी

मार्च संपत आला, तरी अंगणातलं बाक
अजून बर्फाखालीच आहे.
मी स्वयंपाकघरात कागद फाडत बसलेय.
उभा फाडला तर सरळ फाटतो,
आडवा फाडला की भलतीकडेच जातो.
वर्तमानपत्रालाही लाकडासारखा धर असतो,
हे ताउनोनं सांगितलं होतं.

त्याच्या खोकल्याच्या औषधाची बाटली
नेमक्या मापाची आहे.
पट्टी गुंडाळायची, खालचा काठ आत दुमडायचा,
टेबलावर दाबून बाटली अलगद काढून घ्यायची.
डिंक नको, दोरा नको.
एकटी ठेवली तर कुंडी उलगडते;
ट्रेमध्ये खेटून लावल्या
की एकमेकींच्या आधारानं उभ्या राहतात.

कागदाला तोटा नाही.
सरपणाच्या खोपीत बावीस वर्षांचे गठ्ठे आहेत.
चौतीस वर्षं तो आमच्या तालुक्याच्या पेपरात
मुद्रितं तपासत होता,
आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी
काळा पाव एका हातात, लाल पेन्सिल दुसऱ्या.
छापून झालंय रे, मी म्हणायची,
आता कुणासाठी सुधारतोस?
तो मान वर न करता म्हणायचा,
सायमी, आग आणि वारा यांच्यात एका अक्षराचं अंतर.

ते खरंच आहे आमच्या भाषेत.
तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा,
आणि तुल्ली म्हणजे नुसती जकात.

म्हणून या कुंड्यांवर जागोजाग लाल खुणा आहेत.
दुधाचे भाव, हॉकीचे निकाल,
पुलाच्या उद्घाटनात निसटलेला स्वल्पविराम.
पाणी घातलं की मागच्या पानावरची अक्षरं
पुढच्या पानातून उलटी वर येतात.
नात आरशासमोर ट्रे धरून वाचते आणि हसते.
पिहलाला आजोबा फक्त खोकल्यानं आठवतात.

एक गठ्ठा मी आजवर सोडला नव्हता.
दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.
काल सोडला. पान अकरा, तळाशी डावीकडे,
काळ्या चौकटीत:
ताउनो हुतुनेन.
हुत्तुनेनमधला एक त गळालेला.
मजकूर मीच फोनवर सांगितला होता,
नाक चोंदलेलं, आवाज फुटत नव्हता.
अंत्यविधीला आलेल्या एकानंही
ते पाहिलं नाही, किंवा पाहून बोललं नाही.

पेन्सिल अजून ड्रॉवरमध्ये होती,
सुरीनं टोक काढावं लागलं.
समासात मी तो त लिहिला,
त्याच्यासारखी छोटी काठी उभी करून.
हात जरा हलला.

मग त्या पानाचीही कुंडी वळली.
काय करणार होते, चौकटीत लावणार होते?

काकडीचं बी आठवड्यात वर येतं.
सगळ्यांत आलं. त्या एका कुंडीत नाही आलं.
दहा दिवस, बारा दिवस;
कडेला पांढरी बुरशी धरली, ती मी चमच्यानं खरवडली.
पिहला म्हणाली, उकरून बघू?
बी मऊ पडलं होतं, चिमटीत आलंच नाही.

शेजारच्या कुंडीत दोन रोपं उगवली होती,
दुधाच्या भावात. एक काढून टाकायचंच होतं.
तेच उचलून इकडे लावलं.
पहिल्या दिवशी मान टाकून बसलं,
तिसऱ्या दिवशी खिडकीकडे वळलं.

आता जूनच्या मध्यापर्यंत थांबायचं,
रात्रीचं हिंव सरेपर्यंत.
मग कुंडीसकट जमिनीत.
फक्त एक लक्षात ठेवायचं, मी पिहलाला सांगितलंय:
कागदाची कड मातीच्या वर राहू द्यायची नाही.
ती वातीसारखी आतलं पाणी ओढून
वाऱ्याला देऊन टाकते.
वरची दोन बोटं पट्टी फाडून घ्यायची.

त्या पट्टीवर नाव येतं का,
हे मी अजून बघितलेलं नाही.