विनंती थांबा

एकतीस वर्षं मी या गावाचं तिकीट फाडलं,
भोक पाडून लोकांच्या हातात दिलं,
पण उतरलो कधीच नाही.
चोपडा सोडलं की चौथ्या टप्प्यात यायचं हे :
तापीकडे वळणारा फाटा, एक टपरी, एक निंब,
आणि पत्र्याची पाटी, विनंती थांबा.
एक घंटा. दोन घंटा. चला.

आता अर्ध्या तिकिटात
मी माझेच थांबे उतरत फिरतो.
बायको म्हणते, लोक काशीला जातात,
तुम्ही आपले लासूर, धानोरा, अडावद.
बरोबर आहे तिचं.
एका गावात बारव पाहिली,
आत उतरलं की आपलाच खोकला वर येऊन भेटतो.
एका गावात गढी म्हणून नुसता मातीचा उंचवटा होता,
वर तीन बकऱ्या.
तरी पाऊण तास पाहिला.

इथलं संग्रहालय टपरीवाल्याला आठवायला वेळ लागला.
"मास्तरनं जुनं सामान? तठे, जिनिंगमा शे."
बंद पडलेल्या जिनिंगची वजनखोली.
किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत,
आणि गिरणीत दादरचं दळण अर्ध्यावर.
थांबलो. भुवया पांढऱ्या झाल्या माझ्या.
मग मास्तरांची नात आली, उन्नती,
आठवीतली, पायात भावाच्या चपला.
"आजोबा झोपलेत. चारला उठतात.
मीच दाखवते, पण मला सगळं येत नाही."

लोखंडी चाक, त्यावर उठावाची विलायती अक्षरं,
अक्षरांच्या खाचेत पालीची अंडी.
छिप्यांचे लाकडी ठसे,
फुलाच्या एका पाकळीत अजून निळा रंग.
कानबाईच्या नारळाची नथ, मोती गळालेली.
तापीवरचं जाळं :
त्याची गाठ मी लांबूनच ओळखली,
माझा बाप अशीच मारायचा, दातात दोरा धरून.
प्रत्येकाखाली मास्तरांच्या शाईची चिठ्ठी,
आणि जिथे माहीत नाही
तिथे सरळ लिहिलेलं, उपयोग अज्ञात.

खिडकीजवळ, खिळ्याला लटकवलेला,
पंच.
चिठ्ठी : अडकित्त्याचा प्रकार. उपयोग अज्ञात.

मी हसलो. मग हसू कुठेतरी अडकलं.
कोपऱ्यात पाटी, हात लावू नये.
"लावा," ती म्हणाली, "चार वाजायला वेळ आहे."
गंजला होता. पहिल्यांदा मुका,
दुसऱ्यांदा कुरकुरला,
तिसऱ्यांदा, टक.
अभिप्राय वहीच्या कोपऱ्याला एक गोल भोक.
तिने त्यातून खिडकीबाहेर पाहिलं.
"एवढंच करायचा तो?"
एवढंच, पोरी.
कुठे बसला, कुठे उतरणार, किती पैसे,
सगळं भोक कुठे पडलंय त्यावर.
उभ्याने, एका हाताने, ब्रेकच्या धक्क्यात.
अंगठ्याखालचा घट्टा दाखवला तिला.
तिने बोटाने दाबून पाहिला,
जसं बाकीचं काहीच दाबू देत नाहीत इथे.

मग जुनी चिठ्ठी उलटी करून तिने लिहिलं :
एसटी वाहकाचा पंच.
माहिती, भिका तोताराम सपकाळे, चोपडा आगार.
"सपकाळेत ळ ना?"
ळ.
"पण जिवंत माणसाचं नाव इथे चालतं का
ते आजोबांना विचारावं लागेल."
विचार, म्हटलं. घाई नाही.

दानपेटीत वीस रुपये टाकले. पेटीला तळ आहे का,
आवाजावरून कळलं नाही.

चार दहाची गाडी आली. पाटीखाली उभा राहून हात केला.
चांगली शंभर पावलं पुढे जाऊन थांबली,
दारात मशीन घेतलेली तरणी कंडक्टर,
"चला बाबा, पाय उचला."
मी पळालो.
मीही अशीच थांबवायचो,
म्हाताऱ्यांना पळवत.