दाढा

सुरुवात दातांपासून झाली.
औलूच्या दवाखान्यात दंतवैद्य आरसा बाहेर काढत म्हणाली,
"रात्री काय चावता हो तुम्ही?
दाढा झिजल्यात, जुन्या पायरीसारख्या."
काही नाही, मी म्हटलं.
तोंडात कापूस होता, खोटं बोलणं सोपं गेलं.

अकरा वर्षं मी एकशेबाराचे फोन घेते.
समोर चार पडदे, कानावर हेडफोन,
आणि अनोळखी माणसं सांगत राहतात
की तो हलत नाहीये,
की बर्फ फुटला, कुत्रा वर आला, नवरा नाही,
की दार आतून लावलंय तिनं.
मी विचारते, पत्ता.
मी सांगते, छातीच्या मधोमध तळहात ठेवा,
मोजा माझ्याबरोबर, जोरात, अजून जोरात.
मग लांबून सायरन, फोन बंद,
आणि पुढं काय झालं ते मला कुणी कळवत नाही.
शेवट नसलेल्या या गोष्टी
जातात कुठं?
जबड्यात.

दातओठ खातात माणसं, रागानं.
मला राग नव्हता.
मी नुसतीच खात होते, झोपेत, रोज थोडं.

सौनात बसले तरी खांदे कानांपासून खाली उतरेनात.
तापल्या दगडांवर पाणी पडून चर्र झालं की मी दचके.
बहीण म्हणाली, आयला,
तू आंघोळीलासुद्धा ड्यूटीवर जातेस.

म्हणून मंगळवार.
पोहण्याच्या तलावावरची खोली, क्लोरीनचा वास,
चटईवर आम्ही सातजण.
बाहेर साडेतीनलाच अंधार.
दाराशी खुंट्यांवर ओले कोट,
आणि जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मला त्या रांगेकडे बघून नीट कळलं:
बाहीत हात नाही, तरी आकार माणसाचा.

शिकवणारा तौनो पूर्वी जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवायचा.
पाठ गेली, मग याकडे वळला.
बोलतो असं, की जणू शब्दालाही डिझेल लागतं.
"डोळे मिटा. श्वास मोजा."
मी मोजले.
एक, दोन, तीन,
आणि कोपरे ताठ, तळहात खाली दाबलेले,
तिसापर्यंत पोचले तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढं
कुणाची तरी छाती.
उठले. बुटांच्या नाड्या न बांधताच घरी आले.

पुढच्या मंगळवारी सांगितलं त्याला.
तो खिडकीतून पार्किंगमधल्या बर्फाकडे बघत राहिला, बराच वेळ.
"मग नका मोजू."
आणि नंतर,
"जीभ कुठंय तुमची?"

अठ्ठेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
टाळूला दाबून धरलेली होती,
आत कुणी घुसू नये म्हणून
दाराला पाठ लावून उभं राहावं, तशी.
"सोडा तिला."
सोडली.
खालच्या दातांमागं ती पडून राहिली, जड,
स्वतःचीच, पण पाहुणी आल्यासारखी.
मग जबडा. मग, खूप उशिरानं, डावा खांदा.
खाली तलावात कुणीतरी पोरगं किंचाळून पाण्यात पडलं
आणि मी पत्ता विचारला नाही.

दर वेळी जमतं असं नाही.
एकदा घोरले.
एकदा रडले, कशासाठी ते ठाऊक नाही;
शेजारच्या चटईवरच्या पोस्टमननं
डोळे न उघडताच रुमाल सरकवला.
डिसेंबरात तर तीन आठवडे गेलेच नाही.

रात्रपाळीला फोन अजून तसाच वाजतो.
बटण दाबायच्या आधी जीभ सोडते.
अर्धा सेकंद, तोही नसेल.
पलीकडच्या माणसाला ते कळत नाही, कळूही नये.
तेवढा माझा.

परवा दंतवैद्यानं पुन्हा आरसा घातला.
थांबली का हो झीज, मी विचारलं.
"दाढा काही परत वाढत नाहीत," ती म्हणाली,
आणि दिवा जरा जवळ ओढला.
"आ करा. अजून. हं.
आज तुमचं तोंड सहज उघडलं."