लिलावाची याद

एक्सेटरहून पत्र आलं, साध्या टपालाने.
लिहिणारा निवृत्त प्लंबर. त्याचा आठव्या पिढीचा आजा
जोसाया टर्व्ही, कंपनीचा सुतार,
बाणकोटच्या किल्ल्यावर तापाने गेला, सतराशे एकाहत्तर साली.
थडगं असेल तर फोटो पाठवाल का?

मी तीस वर्षं मंडणगडला रेकॉर्ड रूममध्ये काढली.
मोडी येते. वाळवीशी जुनी ओळख आहे.
म्हटलं, बघू.

थडगं नाही.
म्हणजे थडगी आहेत, साहेबांची,
जांभ्यात बांधलेली, खाडीकडे तोंड करून.
सुताराला लाकडाचा क्रूस मिळाला असेल,
आणि लाकूड आमच्याकडे टिकतं किती?

सापडली ती याद. एकच पान, कडा खाल्लेली.
कारकुनाने त्याचा 'जोशा टरवी' करून टाकलाय.
मयताचं सामान, बुरुजाखाली लिलाव, श्रावण वद्य पंचमी :

सदरे दोन, पैकी एक उसवलेला. गोलंदाजाने घेतले.
रंधा, गिरमिट, पटाशा तीन.
खिळे अदमासे दोन शेर.
फिडल एक, तारा नाहीत. गिऱ्हाईक नाही.
पोराचे जोडे, न घातलेले. गिऱ्हाईक नाही.
वाकस एक. घेणार त्याची बाई. पावणेदोन रुपये, रोख.

जोडे कुठल्या पोराचे?
प्लंबर कळवतो, डेव्हनात हॅना होती, सहा वर्षांचा मुलगा होता.
लिलावाचे पैसे दीड वर्षाने पोचले.
पावतीवर तिची फुली आहे.

या बाईची फुलीसुद्धा नाही.
पावणेदोन रुपये तिने आणले कुठून?
आणि वाकसच का?
सदरा घेतला असता, वास तरी राहिला असता महिनाभर.
वाकस कोण घेतं,
घरात एखादा हात वाढत असल्याशिवाय?

आम्ही वेसवीचे सुतार. होड्यांचे.
माळ्यावर एक वाकस आहे.
दांडा माझ्या बापाने बदलला, त्याच्याही बापाने.
पातं जड. लोहार म्हणतो, ही घडण इथली नव्हे.
लोहार काहीही म्हणतो.
घारे डोळे म्हणाल तर कोकणात पाच घरांआड मिळतात,
त्यांचा पुरावा होत नाही.

उत्तर लिहायला बसलोय.
यादीचं इंग्रजी झालं, शेवटच्या ओळीला अडलो.
बायको लिहिलं तर हॅनाला टोचेल,
ठेवलेली लिहिलं तर मला.
माझा बाप त्याच्या आईला बाईच म्हणायचा,
शेवटपर्यंत, 'बाई, जेवलीस काय?'

बागमांडल्याची शेवटची फेरीबोट गेली.
शब्द तसाच ठेवला, फक्त त्यांच्या लिपीत.
खाली लिहिलं, थडगं सापडलं नाही, क्षमस्व.
जोड्यांबद्दल विचारलं, त्याच्याकडे काही ऐकीव आहे का.

माळ्यावरचं
अजून लिहिलेलं नाही.