कुशीवर

रोसेंदो, काल तुला पेटीत ठेवलं तेव्हा
उताणं ठेवलं होतं त्यांनी.
हात अंगालगत सरळ, बुटांना पॉलिश,
आणि कोटावर ते पदक,
जे तू गळांच्या डब्यात टाकून दिलं होतंस.
तुझ्या बहिणीनं शोधून काढलं,
लिंबू लावून घासलं रात्रभर.

मी म्हणालो, याला कुशीवर वळवा.
पेटीवाला माझ्याकडे नुसता बघत राहिला.

सोडत रेडिओवर होती त्या दिवशी.
संत्र्यांच्या शेडमध्ये खोक्यांना खिळे ठोकणं थांबवून
आपण ऐकत होतो:
ओळखपत्राचे शेवटचे तीन आकडे, आणि पुढ्यात ज्याचं त्याचं नशीब.
मला चौऱ्याऐंशी. म्हणजे घरी.
तुला सहाशे एक्काहत्तर. म्हणजे पलटण.
पाठीत धपाटा घालून म्हणालास,
"सिक्स्तो, वर्षभराचा तर प्रश्न आहे. माझी हातोडी गंजू देऊ नकोस."
नाही गंजली.
मीच वापरत होतो ती.

आपल्याकडे थंडी म्हणजे
पहाटे पारानावरून उठणारी वाफ, आणि एखादा जुना स्वेटर.
तुला पाठवलं त्या बेटांवर
तेव्हा तू बर्फ पाहिला होतास तो फक्त मासळीच्या टोपलीतला.

तीस-पस्तीस वर्षांत जे सांगितलंस
ते आगपेटीत मावेल.
की खणलेला खड्डा सकाळपर्यंत पाण्यानं भरायचा.
की पायाची दोन बोटं गेली तेव्हा दुखलंसुद्धा नाही.
आणि एकदाच, होडीचं इंजिन बंद करून,
सुरुबीसाठी टाकलेला दोर हातात तसाच धरून:
मेंढी चोरली म्हणून
आपल्याच सार्जंटनं, शत्रूनं नव्हे,
चार खुंट्या ठोकल्या, हातपाय ताणून बांधले
ओल्या जमिनीवर, उताणं, रात्रभर.
वरून तोफगोळे जात होते.

मी मूर्खासारखं विचारलं, "तारे दिसत होते?"
"दिसत होते," म्हणालास. "फार स्वच्छ."

त्यानंतर पाठीवर तू कधी झोपला नाहीस.
देल्फिना सांगायची, गुडघे पोटाशी, मुठी हनुवटीखाली,
जागा करायला गेलं तर लांबून, काठीनं.
ती गेली चौऱ्याण्णवला. का गेली ते मी विचारलं नाही,
तूही दारू कमी केली नाहीस.

होडीत नायलॉनच्या पिशवीत
लोकरी मोज्यांचे तीन कोरडे जोड, ऐन जानेवारीत,
जेव्हा पत्र्याला हात लावला तर चटका बसतो.
लोक हसायचे.
इबार्राचा पोरगा धक्क्यावरून पाण्यात पडला तेव्हा
बाहेर काढून तू आधी त्याचे मोजे बदललेस.
त्याची आई ओरडत होती. तू म्हणालास, आधी पाय, मग रडणं.

दरवर्षी दोन एप्रिलला चौकात बँड, शाळेची मुलं, झेंडे.
तू होडी वरच्या अंगाला न्यायचास.
मी बरोबर. बोलायचो नाही.
एका वर्षी मात्र तोंडून गेलंच:
आकडे उलटे पडले असते तर, रोसेंदो?
"तर तू गेला असतास," म्हणालास,
"आणि तुला मेंढी चोरता आली नसती. उपाशी मेला असतास, गाढवा."
आणि खोकला येईपर्यंत हसलास.
ते हसू मला आजवर
माफी वाटलेलं नाही, शिक्षाही नाही.
काय होतं ते, तू असतास तर तुलाच विचारलं असतं.

शेवटी आम्हीच वळवलं तुला, तुझी बहीण आणि मी.
अंग ताठलेलं. एक गुडघा जेमतेम वाकला.
पदक खाली गेलं, दिसेनासं झालं.
तिनं ते पाहिलं, काही बोलली नाही.
वरचा खांदा झाकणाला अडला,
बोटभर फट राहिली.
पेटीवाला म्हणाला, हे असं बसायचं नाही.

मी शेडमध्ये जाऊन हातोडी आणली.
एकेक खिळा हलक्या हातानं ठोकला,
मध्ये थांबत थांबत.
आवाजानं दचकायचास ना तू.