तिसरं वेटोळं

मोक्पोच्या बंदरामागे म्हाताऱ्यांच्या विसाव्याची खोली आहे.
तिची जमीन मी आधी आकड्यांत ओतली:
सात सेंटीमीटर काँक्रीट,
वर तेल पाजलेला पिवळा कागद,
पोटात नळ्यांची चार वेटोळी.
पाणी अठरा अंशांनी आत शिरतं,
खोलीचा उकाडा पिऊन
वीस-एकविसानं परत येतं.
एवढंच तर आहे. बाकी समीकरणं.

हिवाळ्यात याच नळ्यांतून ऊन पाणी फिरतं.
जमिनीनं माणसाला ऊब द्यायची असते
हे आमच्याकडचं पोर रांगायच्या आधी शिकतं.
तिला उलटं वागायला लावायचं
तर तिची मर्जी सांभाळावी लागते.
फार थंड केली की तिलाच घाम फुटतो.
दवबिंदू.
किती देखणा शब्द,
आणि माझ्या पडद्यावर नुसती एक लाल रेघ,
जुलैतल्या खाऱ्या हवेबरोबर वर सरकणारी.
तिच्या दोन अंश वर राहायचं.
नाहीतर कुणाचं तरी पाऊल घसरेल,
आणि ऐंशीतली हाडं सांधत नाहीत.

माणसंही होती माझ्या मॉडेलमध्ये.
बारा. प्रत्येक जण शंभर वॉटचा,
बसलेला, न बोलणारा.

आठवडाभर सगळं जुळलं.
फक्त दुपारी दोन ते चार
तिसऱ्या वेटोळ्याचं पाणी
अर्धा अंश जास्त तापून येई.
ऊन म्हणावं, तर खिडकी उत्तरेला.
सेन्सर बदलला. पंपावर आळ घेतला.
आमचे प्यो साहेब म्हणाले,
अर्ध्या अंशावाचून कुणाचं काय अडलंय?
माझं अडलं होतं.

गुरुवारच्या बसनं गेले. बूट दारात काढले.
पत्त्यांचा डाव तसाच पसरलेला,
आणि पाच जण आडवे,
वाळत घातलेल्या माशांसारखे ओळीनं,
शर्ट वर सरकवून, उघडी पाठ जमिनीला,
बरोब्बर तिसऱ्या वेटोळ्यावर.
"पाणी इथून आत येतं," मा बुन-रे म्हणाली,
डोळे न उघडता.
कुणी सांगितलं?
"गालानं."

थंडीत चुलीकडची जागा घरातल्या थोरल्याची.
उन्हाळ्यात तो मान आता या गार टोकाला मिळाला होता.
तिथं कूक ह्योंदाल घोरत होते, नव्वदीचे,
बोटींच्या इंजिनांपायी कान गमावलेले.
बाकीच्यांनी सरकून मला जागा केली.
पडले.
एकेका मणक्यातून उकाडा खाली उतरत गेला.
समीकरण बरोबरच होतं,
पण ते मला पाठीनं पाठ नव्हतं.

परतल्यावर एक ओळ वाढवली:
पाच जण, आडवे, दोन ते चार.
आलेखावर आलेख बसला.

ऑगस्ट सरता सरता, एका दुपारी,
तिसऱ्या वेटोळ्याचं पाणी जरा गार आलं.
एका माणसाइतकं गार.
दुसऱ्या दिवशीही.
फोन उचलला, ठेवला.
नव्वदीच्या माणसाबद्दल
काय विचारायचं असतं फोनवर?
तिसऱ्या दिवशी, हाताला काही चाळा हवा म्हणून,
बाकीची वेटोळी उघडून पाहिली.

पहिल्यावर, दाराशी,
जिथं चपलांचा वास येतो आणि कुणी निजत नाही,
दोन ते चार,
एक छोटासा उंचवटा.
एक जण. आडवा.
बहुधा भिंतीकडे तोंड करून.

कुणीतरी पत्त्यांत लबाडी केली असणार.