डॉक्टरांची चिठ्ठी नसताना

केप्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान.
सोमवारी दुपारी, शटर अर्धं ओढलेलं,
सेराफिनाबाईंनी काउंटरवर
वर्तमानपत्राची पुडी सोडली:
मिरचीची तीन पानं, होडीसारखी वर वळलेली.
"हांकां कितें दितलो?"

किती दिवसांपासून, मी सवयीनं विचारलं.
फेस्तापासून, म्हणाल्या.
खोकल्याच्या औषधासाठी थांबलेला एक जण
तोही वाकून बघू लागला.

वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी,
एवढं मला ठाऊक.
साबणाचं पाणी सांगितलं,
कपड्यांचा नव्हे, अंगाचा साधा,
लिटरला नखभर, संध्याकाळी, पानाच्या पोटाला.
त्यांनी ते घोकून दाखवलं
आणि विचारलं, जेवणाआधी की नंतर?
हसल्या नाहीत. मीही नाही.

सांगणाऱ्याच्या घरी काय चाललंय
ते त्यांना सांगितलं नाही.
अळसांद्याच्या शेंड्यांवर मावा,
काळ्या तिळांच्या चटणीसारखा थापलेला,
मुंग्या हप्ता गोळा करत वर-खाली.
तांबड्या भाजीची चाळण;
उन्हात धरली की पायावर उजेडाचे ठिपके पडतात.

आणि दोडक्याच्या पानावर नागअळीनं लिहिलंय,
पांढरं, वळणावळणाचं, हात न उचलता.
एकवीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं लावली,
केंकरे डॉक्टरांचंसुद्धा, जे त्यांना स्वतःला लागत नसे.
हे लागत नाही.
एवढंच दिसतं की रेघ सुरुवातीला केसाएवढी
आणि शेवटी जाड:
लिहिणारा लिहिता लिहिता वाढला.

रात्री जेवून बॅटरी घेऊन उतरतो.
वांग्याच्या बुंध्याशी शंखाच्या गोगलगायी, वाटीएवढ्या.
मिठाच्या पाण्यात टाकायच्या असतात.
टाकतो.
पहिल्यांदा मान वळवली होती,
आता मोजतो.
सुलक्षा दारातून विचारते, किती?
गल्ला विचारावा तसं.

काल कढीपत्त्यावर एक दिसली,
आधी वाटलं, पाखराची शीट.
काडी लावली तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढली
आणि कुजक्या लिंबाचा भपकारा.
बोटाच्या पेराएवढा जीव,
मला भिववायला निघालेला.
दुसऱ्या हातात बादली होती.
उभा राहिलो थोडा वेळ,
बॅटरी पिवळी पडेपर्यंत.

किती?
सतरा, म्हटलं.
अठरावी सांगितली नाही.

आज सकाळी त्या फांदीच्या नुसत्या काड्या.
दुकान उघडायच्या आधी
बाजारातून दहा रुपयांचा कढीपत्ता घेतला.
विकणारी म्हणाली, बघा, एक भोक नाही.
घरी आणून
मी तो दोनदा धुतला.