जातीचा रकाना

दिवसभर मी केळी वाढवते,
बाटलीत.
पांढऱ्या दिव्याखाली, टोपी-मास्क घालून,
चिमट्याने एका कोंबाचे चार, चाराचे सोळा.
सगळे एका उंचीचे.
रावेरला लावा नाहीतर चोपड्याला,
घड त्याच वजनाचा, त्याच आठवड्यात.
बी नसतंच केळीत.
चकती कापली की मधोमध काळे ठिपके तेवढे दिसतात.

संध्याकाळी पिंप्राळ्याला घरी येते,
चपला काढायच्या आधी जिन्याखाली वाकते.
तेलाचे डबे, दुधाच्या पिशव्या, एक फुटकी बादली.
चिकूचं बी दीड महिना झाला, हूं की चूं नाही.
लिंबं तीन उगवली, तिसऱ्याला काटा आधी, पान मागून.
सीताफळाच्या बिया भिजत घातल्या होत्या,
ह्यांनी वाटी मोरीत ओतली.
त्यातली एक तिथेच रुजली, मोरीच्या तोंडाशी,
आता भांडी घासताना मीच अंग चोरून बसते.

पपईला लांब देठांवर फुलं लोंबली तेव्हा
लोटनभाऊ कुंपणावरून म्हणाले,
"नर शे तो, ताई. तोडी टाक. फय लागाव नही."
नाही तोडला.
दिवे लागले की त्याला जो वास सुटतो
तो लॅबमध्ये कुठल्याच बाटलीला नाही.

आणि आंबा.
यावलच्या बाजारात एक पावरा बाई
पळसाच्या पानांवर आंबे मांडून बसली होती, अंड्याएवढे.
कुठला म्हणून विचारलं.
म्हणाली, आंबा.
मग थोड्या वेळाने, नाल्यापल्याडचा.
दातांत रेषा अडकेपर्यंत चोखला,
कोय राखेत घोळली, कात्रीने कडेने उघडली,
आतलं बी आडवं पुरलं, करंगळीभर खोल.

आई नाल्यापल्याडची,
बाप कोण ते माशीला विचारा.

मे महिन्यात शेहेचाळीस डिग्री.
चार काठ्यांना माझी जुनी सुती साडी बांधली.
तिच्या सावलीत पानं आली तांबूस, लुळी,
ओला कागद वाळत घातल्यासारखी.
लोटनभाऊ म्हणाले, कलम आणा, तिसऱ्या वर्षी खाल.
हा आठ घेईल, दहा घेईल,
आणि एवढं करून आंबट निघाला तर?
लोणचं, मी म्हटलं.
दहा वर्षांनी मी एकसष्टची.
हे मी म्हटलं नाही.

काल एप्रनला चिकटून लॅबचं एक कोरं लेबल घरी आलं.
डब्याला लावलं.
तारीख लिहिली.
माध्यम : माती, शेणखत, थोडी राख.
जात :
पेन तसंच धरून बसले होते
तेवढ्यात नळ खाकरला, चौथ्या दिवशी,
आणि मी बादली घेऊन पळाले.